नदी की टेकडी

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … आवाज ओळखीचा वाटतोय, पण… अच्छा. तू.

नाही, नंबर ठेवलेला नाही मी तुझा. पुसला. … दोनदा पुसला, कारण फोन बदलला तेव्हा तो आपोआप परत आला. चिवट आहे, मालकासारखा. बोल, काय काम आहे? दवाखान्यात आहे मी, समोर पेशंट बसलाय.

काका, एक मिनिट हं. ती फ्रेम राहू द्या नाकावर, काढू नका. … हो, जड असते ती. …

नाही रे, तुझ्याशी नाही बोलत. काकांचा नंबर काढतेय. चष्म्याचा नंबर. एवढी वर्षं संसार केलास, बायको काय काम करते ते तरी लक्षात असेल ना.

… माजी बायको. बरं. दुरुस्ती मान्य, वकीलसाहेब.

… हो, माहितीये मला आज शेवटचा दिवस आहे. पाच वाजता विद्यापीठांचे अर्ज बंद होतायत. … मलाही तेच सांगितलंय लेकीनं. ‘तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, एक नाव ठरवा, मी ते भरते. नाही ठरलं तर यंदा कुठंच भरणार नाही.’ … हो, सकाळीच, बूट घालता घालता. तुझ्याकडे निघाली होती. … म्हणून तर फोन उचलला. नाही तर तुझा आवाज ऐकायला मला काय डोहाळे लागलेत?

… दोन्हीकडे भरता आलं असतं तर हा प्रश्नच आला नसता, हे मला कशाला सांगतोस? मला नियम माहीत नाही का? एका वर्षी दोहोंपैकी एकच. दोन्हीकडे अर्ज गेला की दोन्हीकडून बाद. … त्यांचं वैर आपल्यापेक्षा जुनं आहे. आपण नुसते वारस.

… तू आधी बोल. नाही, तूच बोल, फोन तू केलायस. टेकडीवरच्या विद्यापीठाची आरती ऐकून घेते, मग नदीकाठच्या विद्यापीठाबद्दल मी सांगते. तू तुझ्यात शिकलास, मी माझ्यात शिकले. लेकीला काय शिकायचंय ते… ते दोन्हीकडे आहे. पदार्थविज्ञान दोन्हीकडे उत्तम आहे. कबूल? … चला, एक तरी गोष्ट कबूल झाली.

…

मुद्दा क्रमांक एक. हं. … शंभरातले पाचच घेतात. … बरं, आणि आमच्याकडे शंभरातले सात घेतात. … म्हणजे दोन जास्त आले की दर्जा घसरला? अरे, लोकांना दारातून हाकलणं हीच जर गुणवत्ता असेल ना, तर आमच्या इमारतीचा वॉचमन कुलगुरू व्हायला हवा. … हसू नकोस. … नाही, हसलास तू आत्ता. ऐकू आलं मला.

मुद्दा क्रमांक दोन. … पहिलं वर्ष सगळे विषय. मग निवड. … अरे पण तिला माहितीये काय शिकायचंय. बारा वर्षांची होती तेव्हापासून माहितीये. तिला कशाला वर्षभर काव्यशास्त्र आणि अर्थकारण करत बसवतोस? ज्याला काय जेवायचं ते ठाऊक नाही त्याला ताटभर चाखायला द्यावं. … तुला दिलं म्हणून तू वकील झालास? हा मुद्दा तुझ्या बाजूचा आहे की माझ्या?

काका, नाही, आवाज नाही चढवत मी. … हो, घरचंच आहे. … तुम्ही डावा डोळा झाकलाय ना? झाकलेलाच ठेवा. … कान नाही झाकता येत, ते खरंय.

… काका म्हणतायत दोन्ही ठिकाणं वाईट वाटतायत. … त्यांना विचारलं नव्हतं कुणी, तरी.

आता माझं ऐक. मध्ये बोलू नकोस. … बोललास. … ऐक. नदीवर आठवड्यातून एकदा एक शिक्षक आणि दोन मुलं, बस्स. समोरासमोर. आठवडाभर जे केलंय ते घेऊन जायचं, तो विचारणार, तुम्ही उत्तर द्यायचं. लपायला जागा नाही. तुमच्याकडे काय? मोठं गोल टेबल, बारा-पंधरा मुलं, त्यातली तीन बोलणार, बाकीची माना डोलावणार. … तू बोलायचास, माहितीये मला. तू तर आपल्या साखरपुड्यात पण माझ्या बापाला बोलू दिलं नव्हतंस.

… मुलाखत? हो, आमच्याकडे मुलाखत आहे. तुमच्याकडे परीक्षा. … मग काय झालं? मुलाखतीत ती छानच करेल. माणसाशी बोलता येतं तिला. समोरच्याला काय हवंय ते पटकन कळतं. शाळेतले सगळे शिक्षक हेच म्हणतात. … नाही, तुझ्याकडून नाही आलंय ते.

… खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, तो विषय काढू नकोस. … वसतिगृह? तुमच्या वसतिगृहात पाणी वर चढत नाही. … चढतं आता? तीस वर्षांनी चढलं. अभिनंदन.

… काय म्हणालास?

… परत म्हण.

… ‘कडवटपणा’. मी लेकीच्या भवितव्यावर माझा कडवटपणा ओततेय. … वा. आणि तू काय ओततोयस, गुलाबपाणी? प्रत्येक शनिवार-रविवार पोरगी तुझ्याकडे जाते आणि रविवारी रात्री घरी येते तेव्हा तिच्या दप्तरात टेकडीचं एक नवीन चोपडं असतं. मागच्या वेळी तर टोपी होती. विद्यापीठाची टोपी. ऊन नाही, पाऊस नाही, नुसती टोपी. … मी दिलेला मफलर वेगळा. थंडी होती.

… हरू नये म्हणून भांडतेय मी? ठीक आहे. मग खरं सांगू का? आपल्या दोघांच्या म्हणण्याला काही किंमतच नाही. तिनं आधीच ठरवलंय. … हो. तिला नदीच हवीय. … तिनं सांगितलंय मला. … मला सांगितलंय म्हणजे मला सांगितलंय. तुला वाईट वाटू नये म्हणून ‘तुम्ही दोघं ठरवा’चं नाटक केलं तिनं. समजूतदार आहे. मी पण गप्प बसले होते, पण आता तू फारच…

… खोटं. … खोटं बोलतोस तू. टेकडी हवी असं ती तुला म्हणणंच शक्य नाही. … पुरावा? कोर्ट आहे का हे? … बरं, देते. भेटीच्या दिवशी मीच घेऊन गेले होते तिला नदीवर. ती तासाला जाऊन बसली, मी उपाहारगृहात बसले. परत येताना गाडीत स्वतःहून म्हणाली… मी विचारलं पण नव्हतं काही. म्हणाली, ‘आई, आत पाऊल टाकलं ना, तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं मला.’ … आता बोल.

… हॅलो?

… लाइन गेली का?

… काय?

… तुला? … कधी? … टेकडीवरून येताना. … तेच वाक्य? … नाही, ‘घरी आल्यासारखं’ एवढंच की… पूर्ण? ‘आत पाऊल टाकलं ना तेव्हा’? … ‘ना’ सकट?

… तू पण विचारलं नव्हतंस.

… थांब. जरा थांब. बसू दे मला.

…

नाही, नाही. चिडले नाहीये. आत्ता नाही. ऐक, मी काय सांगते ते नीट ऐक, एकदाच वकिली बाजूला ठेव. माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. या खुर्चीत बसतात. मी एक काच लावते, मग दुसरी लावते, विचारते, पहिली बरी की दुसरी? आणि काही माणसं… शहाणी माणसं असतात बरं का, शिकलेली… ती अक्षरांकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघतात. माझ्या आवाजाकडे. त्यांना वाटतं इथं बरोबर उत्तर असतं आणि ते मला माहीत असतं. मग ती मला खूश करतात. ‘दुसरी छान आहे, मॅडम, एकदम छान.’ … हो. आणि मी त्यावर चष्मा करून दिला तर आठवड्यानं डोकं दुखतंय म्हणून परत येतात, आणि तेव्हासुद्धा म्हणतात, चूक माझीच असेल.

… ओळखायचं कसं? काचच बदलायची नाही. नुसता आवाज करायचा बदलल्याचा, आणि परत विचारायचं, आता? … काचा तशाच, आणि तो म्हणतो, ‘आता खूप स्वच्छ दिसतंय.’ की समजायचं. तपासणी थांबवायची.

… हो. तेच म्हणतेय मी. तीच काच. तू आणि मी.

… नाही, ‘तूच असं केलंस तिला’ हे म्हणायला तोंड उघडलंच होतंस ना? उघड. मी पण उघडते. तू साक्षीदार पढवतोस, पोटासाठी पढवतोस. ‘तुला टेकडी आवडली ना, भिंगरी?’ असं विचारतोस तू, मला ऐकू येतं, दारात सोडायला येतोस तेव्हा. ‘आवडली ना.’ त्या ‘ना’ला कोण पोरगी नाही म्हणेल? … आणि मी? मी काही कमी नाही. मी कपाळावर आठी घालते आणि म्हणते, ‘तुझं तू ठरव.’

… आठवतंय? त्या कोर्टातल्या बाई. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, कुणाकडे राहायचंय. … किती लहान होती. पाय खुर्चीवरून लोंबत होते. आणि ती काय म्हणाली? … हो. ‘तुम्ही सांगाल तिकडे.’ … तू म्हणालास, किती समजूतदार आहे माझी मुलगी. आणि मी… मी पण तेच म्हणाले. त्या वर्षात आपलं एकमत झालेलं ते एकच वाक्य.

…

नाही. रडत नाहीये.

काका, तुम्ही बाहेर बसता का जरा? … बरं, इथंच बसा. आता तुम्ही तरी काय करणार. …

ती कुठं आहे आत्ता? … तुझ्या ऑफिसात? बाहेरच्या खोलीत? … दार बंद आहे ना? … तिला कळलंय का आपण बोलतोय? … काचेतून दिसतेय. काय करतेय? … लॅपटॉप उघडून बसलीये. … टाइप नाही करत, नुसती बसलीये.

बोलव तिला. … नाही, तू विचारायचं नाहीस. … मी पण विचारणार नाही. एकेकट्यानं विचारलं तर ज्यानं विचारलं त्याचं नाव येईल. आपण दोघांनी एकदम विचारायचं. एकाच फोनवर. स्पीकरवर ठेव. … कारण मग तिला बघायला एक चेहरा राहणार नाही. … हो, माझा तर दिसणारच नाही. तू तुझा खिडकीकडे कर. … कर म्हणतेय ना. उठून उभा राहा आणि पाठ कर. … आयुष्यात एकदा मी सांगितलेलं कर.

…

भिंगरी? … हो, मीच. … नाही गं, भांडण नाही. म्हणजे झालं, पण संपलं. … संपलं नाही, थांबलंय. … ऐक, बाबा पाठ करून उभा आहे ना? … हो, मुद्दाम. मीच सांगितलंय.

नाव नाही ठरलं आमचं. … नाही, तसं नाही… अगं ऐक ना… आम्हाला ठरवायचंच नाहीये. … तू ठरव.

… ‘तुम्ही सांगाल तिकडे’ नको. ते उत्तर बंद आजपासून.

… तू मध्ये बोलू नकोस. … ‘तुला टेकडीच तर’… हरकत आहे. सूचक प्रश्न. तुझीच भाषा. गप्प उभा राहा.

भिंगरी, दोन नावं सांगते. नदी. टेकडी. कुठली?

…

… बोलू नकोस काही, असू दे. वेळ घे. पाचला अजून आहे वेळ.

…

… आई ऐकतेय.

…

काय? … हळू बोललीस. … टेकडी.

…

बरं. … नाही, राग नाही आला. … आला. थोडा आला, पण तो माझ्याकडे राहू दे, तो तुझा नाही. … ए, तू हसलास तर याद राख. … नाही हसलास? बरं.

आता उलट विचारते. परीक्षा नाही घेत, पण कामाची सवय आहे, जात नाही. टेकडी की नदी? … टेकडी. … आणि मला नदी फार आवडते, मी तिथं शिकले, तिथं तू गेलीस तर मला आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटेल. आता? … आता पण टेकडी.

… ठीक आहे. डगमगली नाहीस. पहिल्यांदा.

का, ते सांगशील? … सांगायचं नसेल तर नको. … बरं. सांग.

… हं. … नदीवरच्या तासाला. … शिक्षकांनी विचारलं, आणि तू उत्तर दिलंस. … त्यांना हवं होतं तेच उत्तर. तुला कळलं त्यांना काय हवंय ते. … त्यांनी पाठ थोपटली. सगळे खूश. … हो, तेव्हा मला पण आठवतंय, ते बाहेर येऊन म्हणाले, फार चमकदार मुलगी आहे. मी किती दिवस सांगत सुटले होते सगळ्यांना.

… आणि टेकडीवर? … बाईंनी विचारलं. तू उत्तर दिलंस. … त्या म्हणाल्या, ‘हे मला आवडेल असं उत्तर आहे. तुझं काय आहे?’ … मग? … मग काही आलंच नाही. … बोलताच आलं नाही. … किती वेळ? … सगळे थांबले. कुणी हसलं नाही. त्या पण थांबल्या. … आणि?

… रडलीस. … सगळ्यांसमोर.

… आणि म्हणून तिथं जायचंय तुला.

…

हो. हो गं. कळलं. … नाही, पूर्ण कळलं.

… ऐकतोयस ना रे? … तासावरून बाहेर आली तेव्हा रडलेली होती ती. तुझ्या गाडीत शेजारी बसली आणि ‘घरी आल्यासारखं वाटलं’ म्हणाली. … तुला नाही दिसलं? … गाडी चालवत होतास. बरोबर. समोर बघावंच लागतं.

… थांब. रविवार होता ना तो? … रात्री नाही, दुपारीच सोडलंस तिला माझ्याकडे. … डोळे लाल होते. भिंगरी, डोळे लाल होते तुझे. … तू म्हणालीस, टेकडीवर धूळ फार होती.

… आणि मी… अगं, मी तुला खिडकीत बसवलं. पापणी वर करून बघितली. टॉर्च मारला. आणि थेंब घातले मी. धुळीचे थेंब. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तू पाच दिवस मान वर करून घालून घेतलेस.

… का नाही सांगितलंस गं? … हो. हो, मला काय हवं होतं ते तुला कळलं होतं. मला धूळ हवी होती.

…

काका, बसा हो, माझ्याकडे आहे रुमाल. …

नाही, कुणी नाही, पेशंट. … अर्ज भर. टेकडी. … आत्ताच भर, पण माझ्यासमोर नको आणि बाबासमोर पण नको. … अरे, तू बाहेर जा खोलीच्या. तुझं ऑफिस आहे म्हणून काय झालं? जा.

… आणि भरून झालं की… ऐक ना, भरून झालं की सरळ घरी ये. मी लवकर निघते. आपण दोघी बसू, सगळं बोलू, पहिल्यापासून. … ये ना.

… काय?

… नाही?

… आज नाही यायचं. … बरं. मग बाबाकडे राहतेयस? … तिथं पण नाही. … मैत्रिणीकडे. … तिच्या घरी विचारलंयस? … तिनं आधीच हो म्हटलंय.

…

… नाही, ऐकतेय मी. … हो. … बरं. … बरं म्हणाले ना. जा.

… गेली? … ऐकलंस तू? आपल्या दोघांना एका वाक्यात नाही म्हणाली ती.

… तुला बरं वाटलं? … मला नाही वाटलं. … वाटेल, उद्यापर्यंत. … हो. ठेव आता.